नाहीतर कोणाचा

परतवाड्याहून एसटीनं पंचवीस मिनिटं,
मग संत्र्यांच्या दोन बागांमधून पायी.
लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर, त्यातले सव्वीस चालू,
आणि मोहोड मॅडम पहिल्याच तासाला
फळ्यावर लिहितात : भाषा कोणीतरी ठरवलेली असते.

एवढंच. मग हातावरचा खडू झटकतात.
बाहेर बागेत मोटार सुरू झालेली असते.

चौथीत बाईंनी माझं 'मले' खोडून 'मला' केलं होतं,
लाल शाईनं, एका पानावर अकरा वेळा.
तेव्हा वाटलं, 'मला' हे वरूनच आलेलं असणार,
तापमानासारखं.
आता कळतं की माणसं टेबलाभोवती बसतात,
चहा गार होईपर्यंत भांडतात
की ओळीच्या शेवटी अर्धविराम हवा की नको,
आणि कोणीतरी थकतं, आणि नियम होतो.

"फंक्शनला किंमत देणं आणि पत्ता देणं,
फरक कोण सांगेल?"
मागच्या बाकावरून निखाडे उठला.
"मॅडम, सातबाऱ्याची झेरॉक्स देल्ली
तं तिच्यावर कोनी काईबी खोडो,
वावर आपलं जागच्या जागी.
पन तलाठ्याच्या हाती रजिस्टरच असलं तं..."
वर्ग हसला.
मॅडमनी ते उदाहरण आपल्या वहीत उतरवून घेतलं.

होस्टेलला माझ्या खोलीत फुलवंती कासदेकर,
गाव धारणीच्याही पलीकडे.
घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी,
आणि इथे पायथॉन, जिच्यात मोकळ्या जागेलाही अर्थ असतो.
ती म्हणते, "आमच्यात एक असतं, खूप असतं,
आणि मधात दोन असतं.
दोघांसाठी वेगळं रूप.
तुमच्या मराठीत दोन झाले की लगेच गर्दी."
मी म्हटलं, आमच्यात 'आम्ही' आणि 'आपण' आहे,
तुला सोडून की तुला धरून,
हे तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं.
त्या रात्री अभ्यास म्हणून एवढाच झाला.

सोमवारी लोंबकळणारा 'नाहीतर' शिकवला.
'तर' दोन, 'नाहीतर' एक.
तो कोणाचा?
व्याकरणाप्रमाणे झाडं काढली तर दोन निघतात,
दोन्ही बरोबर, आणि तीच तर अडचण.
म्हणून कोणीतरी ठरवलं :
नाहीतर जवळच्या 'तर'चा.

मी वहीत वाक्य लिहिलं होतं, रविवारचं,
माय फोनवर मावशीला सांगत होती ते :
*शिकली तं, नोकरी लागली तं बरं,
नाईतं पाहू एखांदं ठिकान.*

एक झाड काढलं :
शिकले, नोकरी नाही लागली, तर ठिकाण.
दुसरं काढलं :
शिकलेच नाही, तर ठिकाण.
आणि शिकले, पण नोकरी लागली नाही?
तिथे फांदीच नव्हती. कोरा कागद.
त्या कोऱ्यावर मी बराच वेळ पेन टेकवून बसले,
शाईचा गोळा झाला.

नियमाप्रमाणे पहिलं झाड खरं.
पण माय काही नियम वाचून बोलत नाही.

साडेआठला लाइट गेली.
फुलवंतीनं मोबाइलची बॅटरी माझ्या वहीवर धरली,
दोन्ही झाडं पाहिली, वाक्य दोनदा वाचलं.
"कंस घालायचा राहिला," म्हणाली.
"मायला फोन लाव ना. विचार, कंस कुठं बंद होते?"

लावला. रेंज एक कांडी.
तिकडे कुकरची शिट्टी, कोणाची तरी मोटारसायकल,
मग मायचा आवाज :
"जेवल्या का वं दोघी?"